देवपूरचं ताट

"हवापालटाला कुणी धुळ्याला जातं का गं?" आमच्या चिपळूणच्या शेजारणीने विचारलं. मी म्हटलं, "जळगावलाही जाणार आहे," आणि बॅगेची चेन ओढली. तिला काय सांगणार? माणसं माथेरानला जातात, महाबळेश्वरला जातात. मी निघाले होते माझ्या मुलीला ज्या घरात जायचं होतं, त्या घरची माणसं खातात काय ते बघायला.

मुक्ता माझी एकुलती एक. पुण्याला नोकरी करते. तिच्याच ऑफिसातला निखिल, धुळ्याचा. मुलगा सालस आहे, दोघं पुण्यातच राहणार आहेत, नाव ठेवायला जागा नाही. तरी दोन-अडीच महिने मी तिला "बघू, बघू" म्हणत लटकवून ठेवलं होतं. लोकांना सांगत होते, लांब पडतं हो. ते खोटं होतं. खरं कारण इतकं पोरकट आहे की इथे लिहितानाही लाज वाटते. दिवाळीला ती घरी आली, माझ्या हातच्या आमटीचा भुरका मारला आणि म्हणाली, "आई, जरा फिकी झालीये का गं?" आणि उठून वरून तिखट घेतलं! ज्या आमटीवर ही लहानाची मोठी झाली, ती हिला फिकी लागायला लागली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. हे गेल्यापासून घरात मी एकटीच, आणि आता मुलीच्या जिभेवरूनही मी उतरले, असं वाटलं.

मग निखिलच्या आईचा, प्रमिलाताईंचा फोन आला. "ताई, हो म्हणा, नाही म्हणा, ते नंतर. आधी एकदा या तरी. मी आठवडाभर जळगावला माहेरी आहे, तिथून आपण दोघी धुळ्याला जाऊ." जानेवारीचे दिवस होते, थंडी बरी होती, आणि नाही म्हणायला मला त्या क्षणी काही सुचलं नाही.

जळगाव

पाचोऱ्याला रेल्वेत मला जाग आली तेव्हा खिडकीबाहेर धुकं होतं आणि धुक्यात कपाशीची शेतं. बोंडं वेचून झाली होती, तरी झाडांना कुठेकुठे पांढरं चिकटून राहिलं होतं. आम्हा कोकणातल्या माणसांना एवढं सपाट बघायची सवय नसते. आमच्याकडे कुठेही नजर टाका, पुढे डोंगर आडवा येतोच. इथे नजर जाते ती जातेच, तिला परत बोलवावं लागतं. जळगाव आलं तरी मी अर्धवट झोपेतच होते आणि खरं सांगायचं तर पुढचे दोन दिवस ती झोप पुरती उतरलीच नाही.

प्रमिलाताई स्टेशनवर आल्या होत्या. ठेंगण्या, गोल, अंगावर मरून शाल, आणि चालणं असं की दोन माणसांचं सामान घेऊनही माझ्या पुढे. मला वाटलं होतं, आता मेहरूणला त्यांच्या माहेरी नेतील. कसलं काय! रिक्षा थांबली ती एका लॉजपुढे. "इथं खोली घेतलीय तुमच्यासाठी. आंघोळ करून घ्या, अकराला येते." चहासुद्धा खालच्या टपरीवरचा.

मी पलंगावर बसून फणफणले. एवढ्या लांबून बोलावलं आणि घराचा उंबरा दाखवला नाही! आमच्याकडे वाट चुकलेला माणूस आला तरी त्याला आधी पाणी आणि गूळ देतात. मुक्ताला फोन करून तेवढं ऐकवलंच. ती म्हणाली, "आई, काहीतरी कारण असेल." मी म्हटलं, "असेल ना. कंजुषपणा हेही कारणच असतं." तिने फोन ठेवला.

अकराला प्रमिलाताई आल्या आणि मला घेऊन गेल्या एका खाद्यदालनात. म्हणजे परत बाहेरचंच! बचत गटांच्या बायकांनी चालवलेलं, गोदामासारखं उंच पत्र्याचं छप्पर असलेलं ते दालन. तावातावाने आत शिरले आणि दारातच थबकले. वरच्या पत्र्यात मधेमधे काचेचे तुकडे बसवलेले होते, त्यांतून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या खाली येत होत्या आणि मागच्या अंगणातून आलेला धूर त्या पट्ट्यांत हळूहळू फिरत होता. दोन्ही बाजूंना बायका, चुली, शेगड्या, परातींचे आवाज. भाजलेल्या मिरचीचा आणि लसणाचा वास. कुणी कुणाला मोठ्याने हाक मारत होतं, पण ते सगळं लांबून, पाण्याखालून ऐकल्यासारखं येत होतं. प्रवासाचा शीण म्हणा नाहीतर काय. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

"थोडं थोडं खायचं," प्रमिलाताई म्हणाल्या. "एकाच ठिकाणी पोट भरायचं नाही."

पहिलं हातात आलं ते बिबडं. ज्वारीचा पापडासारखा प्रकार, भाजलेला, त्यावर कच्चं तेल आणि तिखट. मोडला की अख्ख्या दालनाला ऐकू जावं असा आवाज. मग फौजदारी डाळ. हे नाव कसं पडलं विचारलं तर तिथल्या बाईने पदराने कपाळ पुसत सांगितलं, "खाल्ल्यावर कळतं." कळलं! तीन डाळी घोटलेल्या, वर लसणीची फोडणी, आणि दोन घासांनंतर डोळ्यांतून धार लागली. त्यानंतर शेवभाजी. लालभडक रश्श्यावर बोटभर तेल आणि त्यात जाड शेव. आमच्याकडे आमटीवर एवढं तेल दिसलं असतं तर माझ्या सासूबाईंनी पातेलं माझ्यासकट मागीलदारी ठेवलं असतं. मी ओल्या नारळावर वाढलेली बाई, मला उचकी लागली ती थांबेना. शेजारच्या गाळ्यावरची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलेली एक बाई मोहाच्या फुलांचे लाडू विकत होती. तिने माझी अवस्था बघून एक लाडू माझ्या हातावर ठेवला आणि हसू पदरात लपवलं. काळपट, जड, मधासारखा गोड. आपल्याकडे मोह म्हटलं की लोक भलतंच समजतात, पण त्या लाडवाला रानातल्या दुपारचा वास होता. उचकी थांबली.

त्या उन्हाच्या पट्टीत बसून मी लाडू खात होते आणि मनात आलं, हीच ती चव. हीच माझ्या मुलीच्या तोंडात बसलीय. वाईट वाटलं, आणि आणखी एक बिबडं मागितलं. दोन्ही खरं आहे.

भरीत

मागच्या अंगणात भरताची वांगी भाजत होती. आमच्या जांभळ्या वांग्यांसारखी नव्हेत, हिरवट पांढरी, हातभर लांब. गॅसवर नव्हे, तर कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यांवर. जाळ भसकन उठतो, साल तडतडते आणि धूर डोळ्यांत जातो. तिथली बाई प्रमिलाताईंच्या माहेरची ओळखीची निघाली. त्यांना बघताच ओरडली, "कवय ऊनी वं? बस, बस!" कधी आलीस, असं विचारत होती. प्रमिलाताईंनी तिला काहीतरी कानात सांगितलं. ती माझ्याकडे टक लावून बघायला लागली आणि मग आपली जागाच सोडून बाजूला झाली.

प्रमिलाताईंनी शाल काढून माझ्याकडे दिली, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि तिच्या जागी बसल्या. गरम वांगी नुसत्या हातांनी सोलली. लाकडी भांड्यात आधी भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण, मग वांगी, आणि लाकडी मुसळाने ठेचायला सुरुवात. धप, धप, धप. वरून पातीचा कांदा, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, कोथिंबीर. कपाळावर घाम, केसांत राख. दालनात जेवायला आलेली माणसं वळून बघत होती आणि या बाईला पर्वा नाही. माझं लक्ष लागलं त्या मुसळाच्या आवाजाकडे. लहान मुलाला थोपटावं तसा एकसारखा येत होता.

"अहो, राहू द्या ना," मी म्हटलं. "त्या बाईंनी केलं असतं की."

"नाही ताई. तुम्ही माझ्या हातचं खायला पाहिजे, आणि ते आजच."

"आजच का? उद्या तुमच्या घरी जायचंय ना आपल्याला?"

मुसळ थांबलं. "ताई, तुम्हाला लॉजवर उतरवलं, राग आला ना?"

मी म्हटलं, "छे, छे." त्या हसल्या.

"आमच्याकडं एक रीत आहे. ज्या घरात मुलगी द्यायची, त्या घरचं पाणीसुद्धा मुलीची आई पीत नाही. मुलीला पहिलं मूल होईपर्यंत. तुमच्याकडं नाही का?"

होती. माझ्या आजीने पाळली होती. पण आता कोण बघतंय तसलं? मी विसरूनच गेले होते.

"माझी आई जुनी आहे, तिच्या लेखी सासूचं माहेरही त्यातच आलं," त्या सांगत होत्या. "मेहरूणला तुम्हाला न्यायचं म्हटलं तर म्हणाली, त्या बाईचं अजून ठरलेलं नाही, तिला आपल्या छपराखाली जेवायला घालून तिची रीत मोडू नको. म्हणून हे. हे काही आमचं घर नाही. इथं मी कितीही वाढलं तरी चालतं. तुम्ही हो म्हटलंत, तर पुढं दोन वर्षं, तीन वर्षं, देव जाणे किती, तुम्हाला माझ्या घरी जेवता येणार नाही. मला ते मनातून खातंय. म्हणून म्हटलं, आधीच पोटभर घालून घ्यावं."

हातातल्या शालीची मी उगीच घडी घातली. सकाळी याच बाईला मी कंजूष म्हटलं होतं.

"आणि नाही म्हणायचं असेल तरी हरकत नाही," त्या भरतावर कच्चं तेल सोडत म्हणाल्या. "तोंडावर नाही म्हणायला जड जातं माणसाला. उद्या धुळ्याला, देवपूरच्या आमच्या घरी या. घरी आलेल्याला ताट न मांडता पाठवणं माझ्याच्यानं होणार नाही, मी ताट मांडणार. तुम्ही जेवलात, तर मी समजेन पाहुण्या म्हणून आल्या होत्या, जेवून गेल्या. एक शब्द विचारणार नाही. निखिललाही विचारू देणार नाही."

आणि त्यांनी कळण्याच्या पुरीवर भरताचा गोळा ठेवून माझ्या हातात दिला. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. त्या पहिल्या घासाचं मी काय सांगू! धूर, मिरची, मधेच खोबऱ्याचा तुकडा दाताखाली येतो, आणि वांगं लोण्यासारखं विरघळतं. मागून ती भरीतवाली बाई म्हणत होती, "खा वं माय, बठ्ठं खाई ल्या." मी बठ्ठं, म्हणजे सगळं, खाल्लं. दुसऱ्यांदा घेतलं. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीमुळे असं मी सांगितलं.

मेहरूण

संध्याकाळी त्या मला मेहरूणच्या तलावावर घेऊन गेल्या. पाणी अगदी स्थिर होतं. काठावर माणसं फिरत होती, कुणी कणीस खात होतं. आम्ही दोघी बाकावर बसलो. बोलण्यासारखं होतं पुष्कळ, पण पोट इतकं भरलेलं होतं की शब्द वर यायला तयार नव्हते. सूर्य पाण्यात उतरला, तलाव आधी तांबूस आणि मग राखी झाला. मग प्रमिलाताई बोलल्या.

"निखिल दिवाळीला आला होता ना, तर भाजीत खोबरं मागत होता. ओलं. म्हणाला, आई, तुझ्या रश्श्यात काहीतरी कमी आहे. मुक्ताकडं शिकून आलाय."

"मग?"

"मग काय, रडले मी. स्वयंपाकघरात. तुम्ही हसाल."

मला हसूच आलं, आणि मग मी त्यांना माझ्या आमटीची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, तिखटासकट. बाकावर आम्ही दोन पिकल्या केसांच्या बायका इतक्या हसलो की पुढून जाणाऱ्या जोडप्याने चाल धीमी केली. हसता हसता मला हुंदका फुटला. एकटी पडेन याची भीती वाटते, असं मी त्यांना सरळ सांगून टाकलं. सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं. त्यांनी काही समजावलं नाही. हात तेवढा हातात धरून ठेवला. त्यांच्या बोटांना भाजलेल्या वांग्याचा वास होता.

खोलीवर येऊन झोपले तरी कानात मुसळ वाजत होतं.

धुळे

दुसऱ्या दिवशी धुळ्याची एसटी. एरंडोल मागे पडलं तोवर मी शेतं बघत होते. केळीची बाग, मग उघडं रान, मग कपाशी, मग पुन्हा उघडं रान. एका शेतात हरभऱ्याच्या मधोमध एक म्हातारा खुर्ची टाकून बसला होता, प्लॅस्टिकची लाल खुर्ची, आजूबाजूला मैलभर कुणी नाही. तो खरंच होता की मी तोवर झोपेत गेले होते, सांगता येत नाही. जाग आली तेव्हा माझं डोकं प्रमिलाताईंच्या खांद्यावर होतं आणि अंगावर त्यांची मरून शाल. पारोळा केव्हाच गेलं होतं. त्या खांदा न हलवता, मान आखडून बसल्या होत्या.

"उठवायचं ना मला!"

"किती दिवसांनी झोपलात असं वाटलं," त्या म्हणाल्या.

ते बरोबर होतं. दिवाळीनंतर मी इतकी गाढ झोपलेच नव्हते.

पांझरेवरचा पूल ओलांडून रिक्षा देवपुरात शिरली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. बैठं घर, पुढे तुळस, कमरेएवढी कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा ओटा. निखिलचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणतात, दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, नुकतीच केलेली दाढी. त्यांनी नमस्कार केला, दोनदा "या, बसा" म्हटलं, एकदा प्रवास कसा झाला विचारलं आणि मग त्यांना बोलायला काही उरलं नाही. बिचारे पंख्याकडे बघत बसले. पंखा बंद होता.

आतून वरणाला फोडणी दिल्याचा वास आला. प्रमिलाताई हातपाय धुऊन लगेच आत गेल्या होत्या, त्यांच्या जावेने सकाळपासून तयारी करून ठेवली होती. थोड्या वेळाने पाट मांडला. ताटाभोवती रांगोळी. ताटात तुपात बुडवलेल्या बट्ट्या, वरण, घोटलेल्या वांग्यांची भाजी, पातोडीचा म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, लिंबाची फोड. आणि वर दुमडून ठेवलेला मांडा, खापरावरची पुरणपोळी, इतकी पातळ की तिच्यातून ताटाची नक्षी दिसत होती. शेजारी पाण्याने भरलेलं तांब्या-भांडं.

मी पाटावर बसले. दोन तासांची एसटी झाली होती, सकाळपासून चहावर होते. घशाला कोरड पडली होती आणि तांब्यावर बाहेरून पाण्याचे थेंब जमले होते. बट्टीवरचं तूप हळूहळू वरणात उतरत होतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला मुक्ता आठवली नाही, निखिल आठवला नाही. मला भयंकर भूक लागली होती.

प्रमिलाताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या हाताकडे बघत होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. काल भर दालनात राखेत बसलेली बाई, आज स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी उभी.

नाना म्हणाले, "घ्या ताई, सुरुवात करा."

मी हात पुढे केला. प्रमिलाताईंनी डोळे मिटले. मी तांब्या उचलला आणि पाटाच्या पलीकडे ठेवला. मग दोन्ही हातांनी ताट धरून पुढे सरकवलं. सांडू नये म्हणून जपून, रांगोळीच्या बाहेर.

"मला इथे जेवता यायचं नाही," मी म्हटलं. "मुक्ताचं घर आहे हे."

मग नानांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले, पुसतच राहिले. प्रमिलाताई येऊन माझ्यासमोर फरशीवर बसल्या, फतकल मारून, आणि एकदम हसायला आणि रडायला लागल्या. मीही. ती माझे हात धरून काहीतरी बोलत होती, त्यातलं मला अर्धंही कळत नव्हतं, आणि मधे ते ताट, त्यातली भाजी निवत चाललेली.

तिचंच लक्ष गेलं आधी. "अगोबाई, तुम्ही उपाशी!" ती डोळे पुसत उठली. "थांबा. माझी आई चार वर्षं जेवली तिथंच जेवायचं तुम्ही. या घरात माझ्या आईची रीत नाही चुकली, तुमचीही नाही चुकणार."

तिने ताट उचललं, तांब्या नानांच्या हातात दिला आणि दाराबाहेर जाऊन भिंतीपलीकडे हाक मारली. आवाज असा की पांझरेपर्यंत जावा.

"अक्का! पाट मांडा वं! मनी याहीन जेवाले ई राह्यनी!"

दोन दिवस मी ताई होते. याहीन म्हणजे विहीण, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. पलीकडच्या ओट्यावर एक म्हातारी लगबगीने पाट झटकायला लागली. पुढे ताट घेऊन प्रमिला, तिच्या मागे तांब्या सांभाळत नाना, आणि सगळ्यांत मागे मी, त्यांच्या घरून उपाशी निघालेली.